नानांचा निकाल फिरतो

नानांचा निकाल फिरल्याची बातमी शुक्रवारी दुपारी सव्वातीनला घरात शिरली आणि रविवारी सकाळपर्यंत ती नाना आणि भाऊसाहेब सोडून सगळ्यांना कळली होती. या घराची ही जुनी खोड. ज्याच्या पायाखालची जमीन सरकली, त्याला सोडून बाकीच्यांनी आधी उड्या मारायच्या.

पहिल्यांदा ती कळली धाकट्या सुनेला. ऑफिसात वकील चार. त्यांतले नाना आता कोर्टात जात नाहीत, त्यांचे थोरले चिरंजीव भाऊसाहेब काही वाचत नाहीत आणि मुलगी, म्हणजे ताई, करारांच्या कागदांतून मान वर काढत नाही. राहिली धाकटी. तिचा नवरा, म्हणजे नानांचा धाकटा मुलगा, वकिली सोडून दातांचा डॉक्टर झाला तेव्हा घरात आठ महिने अबोला होता. मग त्यानं वकील मुलीशी लग्न केलं आणि नाना म्हणाले, "ठीक आहे. एक गेला, एक आली." सासऱ्यानं सुनेचं केलेलं स्वागत यापेक्षा लांबलचक असतं असं ऐकून आहे, पण नानांकडे एवढंच मिळतं.

धाकटीची एक रीत होती. रोज सकाळी चहाच्या आधी वरच्या कोर्टांच्या नव्या निकालांची यादी चाळायची. आणि दर शुक्रवारी उलट्या दिशेनं चालायचं. आपल्या चालू दाव्यांत ज्या जुन्या निकालांचा आधार घेतलाय, ते अजून जिवंत आहेत का, हे एकेक करून बघायचं. कारण निकाल मेला म्हणून दारात कुणी रडत बसत नाही. तो पुस्तकात तसाच छापलेला राहतो, त्याच अक्षरांत, त्याच रुबाबात. भाऊसाहेब या प्रकाराला हसायचे. "घरात एक दातांचा डॉक्टर होताच," म्हणायचे, "आता निकालांची नाडी बघणारी वैद्यबाईही आली."

सहा वर्षांत वैद्यबाईंनी शेकडो निकालांची नाडी पाहिली. एकाची कधीच पाहिली नाही. घरातल्या माणसाची कोण बघतं?

तो एक म्हणजे नानांचा. त्रेचाळीस वर्षांपूर्वी नानांनी वरच्या कोर्टात तिघा न्यायाधीशांकडून एक वाक्य लिहवून घेतलं होतं: नोटीस शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर गेली, की ती पोचली असं धरावं. या एका वाक्यावर ऑफिस उभं राहिलं, ताई शिकली, भाऊसाहेबांचा आवाज घडला. बाहेरचे वकील त्याला खटल्याच्या नावानं ओळखत. घरात त्याला 'आपला निकाल' म्हणत, जसं काही तो परसात उगवला होता.

आणि अकरा दिवसांपूर्वी वरच्या कोर्टाचा एक नवा निकाल आला होता. यादीत त्याच्यापुढे 'विमा' एवढंच लिहिलेलं. पानं एकशे अठ्ठेचाळीस. धाकटीनं तो 'सवडीनं' या ढिगात टाकला, कारण ऑफिसात विम्याचा एकही दावा नव्हता. शुक्रवारी सवड झाली. अडतिसाव्या परिच्छेदात, बाकीच्या गर्दीत अंग चोरून उभी असलेली एक ओळ होती. नानांच्या खटल्याचं नाव, आणि पुढे: हा निकाल कायद्याची योग्य मांडणी करत नाही, सबब तो रद्द ठरवण्यात येत आहे.

तिनं ओळ तीनदा वाचली. मग समोरच्या कपाटातली लाँड्रीवाल्या बाईंची फाईल काढली आणि लेखी युक्तिवाद उघडला.

लाँड्रीवाल्या बाईंचा दावा सोमवारी शेवटच्या युक्तिवादाला होता. भाड्याची जागा, सहा मोठी यंत्रं, बारा माणसं कामाला. करारात सोय होती, की मुदत संपायच्या सहा महिने आधी नोटीस दिली तर आणखी दहा वर्षं जागा बाईंची. बाईंनी नोटीस दिली. जागामालक म्हणाला, मी तर त्याच्या दोन महिने आधी घर बदललं होतं, मला काही मिळालं नाही, तेव्हा जागा खाली करा. भाऊसाहेबांनी लेखी युक्तिवाद देऊन टाकला होता आणि त्याच्या पहिल्या पानावर, जाड अक्षरांत, आपला निकाल होता. दुसऱ्या पानावर फारसं काही नव्हतं. गरजच काय?

ती उठली आणि ताईच्या खोलीत गेली.

"ताई, दार लावू?"

"दार लावण्यासारखं काय झालं? दातवाल्यानं कुणाचा चुकीचा दात काढला?"

धाकटीनं कागद समोर ठेवला. ताईनं वाचला. ताई ही नानांची मधली, भाऊसाहेबांपेक्षा चार वर्षांनी लहान. वाचताना तिच्या चेहऱ्यावर आधी भीती आली आणि तिच्या मागोमाग, लपवता लपवता राहिलेलं, थोडंसं सुख आलं. सत्तावीस वर्षं भावानं तिच्या कामाला 'कागद शिवणं' म्हटलं होतं. त्याच्याच पहिल्या पानावर हे!

"म्हणजे भाऊ सोमवारी भर कोर्टात…"

"भाऊसाहेब नाही हो. लाँड्रीवाल्या बाई."

सुख ओसरलं. ताई वाईट नव्हती, फक्त तिची आठवण चांगली होती. "तारीख मागता येईल?"

"मनाई हुकूम सोमवारपर्यंतच आहे. तारीख मिळाली तरी मंगळवारी मालक कुलूप लावेल."

"हं." ताईनं चष्मा काढला. "नानांना सांगायचं नाही. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, एवढं एकच मूल त्यांचं मनासारखं निघालंय."

"आणि भाऊसाहेबांना?"

"त्याला सांगितलं की नानांना सांगितल्यासारखंच. तो कुजबुजला तरी तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातं. आधी तू बघ, वाट निघते का. मग बोलू."

इथपर्यंत ताईचं गणित बरोबर होतं. फक्त तिनं शनिवारी सकाळी ते वहिनींना सांगितलं, 'कुणाला सांगू नका' असं म्हणून. वहिनींनी दातवाल्याला सांगितलं, कारण तो घरातलाच. अशी ही गुप्तता.

वहिनी म्हणजे भाऊसाहेबांची बायको. वकील नव्हत्या, पण ऑफिसची तारखांची डायरी एकोणीस वर्षं त्यांच्या हातात होती आणि त्यांच्या डायरीतून आजवर एकही तारीख निसटली नव्हती. शनिवारी दुपारी त्या इस्त्रीचे कपडे कपाटात ठेवत असताना भाऊसाहेब आरशापुढे उभे राहून परवाच्या युक्तिवादाची तयारी करत होते.

"महोदया! हा निकाल म्हणजे खडक आहे, खडक!" त्यांनी आरशाकडे बोट केलं. "कसं वाटतं?"

"खडक एकदाच म्हणा," वहिनी म्हणाल्या.

"दोनदा म्हटलं की वजन येतं."

वहिनींनी शर्टाची घडी पुन्हा घातली. तीस वर्षं त्यांनी नवऱ्याची बाजू घेतली होती. काही वेळा तो बरोबर होता म्हणून, बऱ्याच वेळा नवरा होता म्हणून. आज त्यांना पहिल्यांदा वाटलं, की बाजू घेणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. त्या खाली ऑफिसात आल्या. धाकटी जमिनीवर कागद पसरून बसली होती.

"वाट आहे?" वहिनींनी एवढंच विचारलं.

धाकटीनं मान वर केली. डोळे लाल, पण चेहरा बघून वहिनींना उत्तर मिळालं.

"आहे, वहिनी. पण भाऊसाहेबांना सगळं सोडून द्यावं लागेल."

"ते काय सहज सोडतात," वहिनी म्हणाल्या. "जुने बूट सोडत नाहीत."

*

रविवारी सकाळी दहाला हजेरी असते. हा नियम नानांचा आणि ऑफिसाइतकाच जुना. घरातल्या प्रत्येक वकिलानं त्या आठवड्यात कायद्यात नवं काय झालं, ते एक तरी सांगायचं. एखादा निकाल, बदललेलं कलम, नवं परिपत्रक, काहीही. ज्याच्याकडे नवं काही नाही, तो 'कोरा'. कोऱ्यानं सगळ्यांचे कप धुवायचे. भाऊसाहेबांनी गेल्या बारा वर्षांत एकदाही कप धुतले नव्हते. ते दर रविवारी काहीतरी सांगत आणि अशा आवाजात सांगत, की ते नवं आहे का हे विचारायचं धाडस कुणाला होत नसे.

नाना खिडकीजवळच्या खुर्चीत. डोळ्यांनी आता अक्षर दिसत नाही, पण कोण कुठं बसलंय ते श्वासावरून कळतं. आज श्वास नेहमीचे नव्हते. ताई खुर्चीत सारखी हलत होती. दातवाला, ज्याला हजेरीशी देणंघेणं नाही, तो आज का आला होता? आणि मोठी सून, जी चहा ठेवून जाते, ती डायरी मांडीवर घेऊन बसली होती. नानांनी उलटतपासणीत पन्नास वर्षं घालवली होती. खोलीत साक्षीदार पढवलेले असले की त्यांना वास येई.

"भाऊ, सुरू कर."

भाऊसाहेबांनी घसा साफ केला. भागीदारीतल्या माणसानं राजीनामा दिला तर त्याची जबाबदारी कधीपर्यंत, यावर एक महत्त्वाचा निकाल आलाय, असं त्यांनी पाच मिनिटं सांगितलं.

"ताई?"

ताईनं करारावर संगणकातून केलेल्या सहीचा नवा नियम सांगितला. वीस सेकंदांत.

"धाकटे?"

ठरलं होतं की धाकटीनं एक साधं परिपत्रक सांगायचं, हजेरी उरकायची आणि मग ताईनं भावाला बाजूला घ्यायचं. धाकटीनं तोंड उघडलं.

"नोंदणी कार्यालयाचं एक परिपत्रक आलंय, नाना. अर्जाचा नमुना बदललाय."

"बरं. आणि उद्याच्या दाव्याची नाडी पाहिलीस?"

भाऊसाहेब तेवढे हसले. "नाना, उद्याच्या दाव्यात आपलाच निकाल आहे. त्याची काय नाडी बघायची?"

"मी तिला विचारलं."

धाकटीनं ताईकडे पाहिलं. ताईनं छताकडे पाहिलं. दातवाल्यानं स्वतःच्या नखांकडे पाहिलं. मग ज्यांची पाळीच नव्हती, त्या वहिनी म्हणाल्या, "सांग गं. मी आहे."

भाऊसाहेबांनी वळून बायकोकडे पाहिलं. 'मी आहे' हे शब्द आजवर फक्त त्यांना उद्देशून आले होते.

धाकटीनं सांगितलं. विम्याचा खटला, तारीख, अडतिसावा परिच्छेद, ती ओळ.

"शक्यच नाही!" भाऊसाहेब उभे राहिले. "विम्याच्या खटल्यात आपल्या निकालाचं काय काम? तू काहीतरी चुकीचं वाचलंस."

"तीनदा वाचलं, भाऊसाहेब."

"कधी?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारी! आणि आज वार कोणता?" त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि एकेक चेहरा त्यांना समजत गेला. "ताई, तुला माहीत होतं. तुला पण?" हे बायकोला. "अरे, दातवाल्याला पण माहीत आहे! माझ्या दाव्यातली गोष्ट दाढा उपटणाऱ्याला माहीत आणि मला नाही? तुम्ही सगळे मला उद्या तोंडावर पडू देणार होतात?"

"मी तर पुढच्या बाकावर जागा धरणार होते," ताई म्हणाली.

"ताई!" वहिनी.

"बरं, नव्हते धरणार. आज हजेरी झाली की सांगणार होतो तुला. आमचं चुकलं. पण भाऊ, तुला सांगायचं म्हणजे नानांना…" आणि ताई थांबली, कारण सगळे एकदम नानांकडे बघायला लागले होते.

नानांचे हात काठीवर होते. चेहरा खिडकीकडे. दातवाल्यानं खुर्ची हळूच जवळ ओढली, नाडी बघायला. खरीखुरी.

"किती जण होते?" नानांनी विचारलं.

"अं?"

"पीठावर. किती न्यायाधीश?"

"सात," धाकटी म्हणाली.

"सात!" नानांची मान ताठ झाली. "मी तिघांकडून लिहवून घेतलं होतं. ते खोडायला सात माणसं बसवावी लागली! एकमतानं?"

"सहा विरुद्ध एक."

"एकजण अजून माझ्या बाजूला आहे?" नाना हसले. त्यांचं हसू असं होतं, की दातवाल्यानं हात मागे घेतला. "वाच तो परिच्छेद. सगळा वाच, माझी भीड धरू नकोस."

धाकटीनं वाचला. नाना ऐकताना ओठ हलवत होते, जणू शब्द चघळून बघत होते.

"बरोबर लिहिलंय," ते शेवटी म्हणाले.

"नाना!" भाऊसाहेबांचा आवाज फुटला. "तुमचा निकाल आहे तो!"

"माझाच. म्हणून सांगतो. त्या खटल्यातला समोरचा माणूस आजारी पडून बहिणीकडे राहायला गेला होता. नोटीस त्याला मिळाली नव्हती. मला ठाऊक होतं. पण मी त्याचा वकील नव्हतो, दुसऱ्याचा होतो, आणि कायद्यात फट होती. मी जिंकलो. मग त्रेचाळीस वर्षं लोक येऊन माझे हात हातात घेत राहिले आणि मी मनात म्हणायचो, इतकी हुशार माणसं, एकालाही दिसत कसं नाही?" त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. "दिसलं बुवा शेवटी. सात जणांना मिळून का होईना."

मग त्यांनी थोरल्याकडे तोंड वळवलं.

"भाऊ, लाँड्रीवाल्या बाईंना कधी विचारलंस, की मालकाला नोटिशीचं कळलं होतं का?"

"विचारायची गरजच काय होती? नोटीस गेली की पोचली. आपला निकाल…"

वाक्य तिथंच राहिलं. भाऊसाहेबांनी ते पुढे ढकलायचा प्रयत्न केला, पण ते हलेना. पस्तीस वर्षांच्या वकिलीत त्यांनी नोटिशीच्या एकाही अशिलाला हा प्रश्न विचारला नव्हता. उत्तर घरात तयार असलेल्या माणसाला प्रश्न कशाला सुचतील?

"मी काल विचारलं," धाकटी हळूच म्हणाली. "फोन केला बाईंना. आणि मग मालकानं कोर्टात दिलेले कागद पुन्हा वाचले. सगळे. एकशे बारावं पान."

तिनं ते पान काढलं. करारात एक अट होती: मुदत वाढवायची, तर बाईंनी पाण्याचे जुने पाईप स्वखर्चानं बदलायचे आणि ते मालकानं पसंत करायचे. नोटिशीनंतर एकोणीस दिवसांनी मालक स्वतः येऊन पाईप बघून गेला होता. चिठ्ठीवर त्याची सही आणि मजकूर: 'नव्या मुदतीच्या अटीप्रमाणे पाईप पाहिले. पसंत.' आपण इमारतीची किती काळजी घेतो, हे दाखवायला त्यानंच ती चिठ्ठी कोर्टात दिली होती.

"नोटीस मिळालीच नव्हती, तर नवी मुदत कुठली?" ताईनं टाळी वाजवली. "अगं, हा तर स्वतःच्या हातानं कुलूप उघडून बसलाय!"

"आणि नव्या निकालाचाच एकेचाळिसावा परिच्छेद आहे," धाकटी म्हणाली. "नोटिशीतली गोष्ट समोरच्याला इतर कुठल्या मार्गानं कळली होती, हे त्याच्याच वागण्यातून दिसत असेल, तर त्याला पत्त्याच्या आडोशाला उभं राहता येणार नाही. जुना निकाल असता, तर आपण फक्त एवढंच म्हणालो असतो की धरून चाला. आता धरून चालायची गरज नाही. आता आपल्याकडे खरं आहे."

खोलीतली हवा बदलली. फक्त भाऊसाहेब अजून उभेच होते. बसावं, तर हरल्यासारखं दिसेल आणि उभं राहावं, तर बोलायला काही नाही.

"आजचा कोरा कोण?" नाना म्हणाले.

"कोणी नाही, नाना," धाकटी घाईनं म्हणाली. "सगळ्यांनी सांगितलं."

"भाऊचा भागीदारीचा निकाल कधीचा?"

धाकटी कागद आवरायला लागली. तिला अर्थातच माहीत होतं.

"खोटं बोलू नकोस, तुला जमत नाही. मघाशी परिपत्रक सांगताना ऐकलं."

"आठ महिन्यांपूर्वीचा," ती म्हणाली.

भाऊसाहेबांनी कोट काढला, खुर्चीला टांगला, बाह्या वर केल्या आणि सहा कप उचलून आत गेले.

मोरीपाशी साबण कुठं असतो हेही त्यांना माहीत नव्हतं. पहिला कप त्यांनी नुसत्या पाण्यानं धुतला. मागून धाकटी आली, साबण पुढे सरकवला आणि पुसायचं फडकं घेऊन बाजूला उभी राहिली. भाऊसाहेबांना ती निघून जावी असंही वाटत होतं आणि जाऊ नये असंही. तीन कप त्यांनी धुतले, तिनं पुसले.

"तुझं वय किती गं?" त्यांनी विचारलं.

"चौतीस."

"चौतिसाव्या वर्षी मला वाटायचं, मला सगळं येतं. गंमत म्हणजे तेव्हा येत होतं." त्यांनी चौथा कप उजेडात धरून पाहिला. "मग मी थांबलो आणि कायदा चालत राहिला. मला वाटलं, मीच पुढे आहे, म्हणून तो दिसत नाही."

धाकटीला हसावं की नाही कळेना. तिनं कप पुसला.

"एकेचाळिसावा पुन्हा सांग. सावकाश. हातात साबण आहे."

तिनं सांगितला. त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला अडाणी होता. दुसऱ्यावर ती फडकं धरून थांबली, कारण तो तिला सुचलाच नव्हता: मालक म्हणाला, ही चिठ्ठी नेहमीच्या दुरुस्तीची होती, तर?

"तर…" तिनं विचार केला. "तर त्याला दाखवावं लागेल, की याआधी त्यानं कधी पाईप पाहिले होते. सगळ्या कागदांत दुसरी अशी चिठ्ठी नाही."

"नक्की?"

"सगळी तीनशे चार पानं वाचलीत."

"मग उद्या तूच बोल," भाऊसाहेब म्हणाले. आणि लगेच, कारण शेवटी ते भाऊसाहेबच होते, "सुरुवात मी करीन. सुरुवातीला आवाज लागतो."

*

सोमवारी कोर्टाच्या पायऱ्यांवर जागामालकाचे वकील भेटले. त्यांना सगळं कोर्ट 'मधाळ' म्हणायचं. ते कुणाला हरवायचे, तेही त्याच्या तब्येतीची चौकशी करत करत.

"भाऊसाहेब! नाना कसे आहेत? त्यांना माझा नमस्कार सांगा. आज त्यांची फार आठवण येणार आहे मला." आणि त्यांनी काखेतला जाड निकाल थोडा पुढे काढला, दिसेल न दिसेल इतका.

म्हणजे यांनाही ठाऊक होतं. शुक्रवारी धाकटीनं ती एक ओळ वाचली नसती, तर आज या खडकावर… भाऊसाहेबांनी विचार तिथंच सोडला.

लाँड्रीवाल्या बाई मागच्या बाकावर ताठ बसल्या होत्या. आज त्यांनी यंत्रं बंद ठेवली होती. बारा माणसं दुकानात नुसती बसून होती, कारण संध्याकाळी कपडे परत देता येतील की नाही, हे माहीत नसताना लोकांचे कपडे ओले करणं बाईंना बरोबर वाटलं नव्हतं.

पुकारा झाला. भाऊसाहेब उभे राहिले. मधाळ वकील हसून मागे टेकले.

"महोदया, सुरुवातीला एक दुरुस्ती," भाऊसाहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज, लहान करायचा ठरवूनही, शेवटच्या खिडकीपर्यंत गेला. "आमच्या लेखी युक्तिवादाच्या पहिल्या पानावर जो निकाल आहे, तो दोन आठवड्यांपूर्वी सात न्यायाधीशांनी रद्द केला. ते पान आम्ही मागे घेतो. तो निकाल माझ्या वडिलांनी मिळवलेला होता. म्हणून तो मागे घ्यायला मी स्वतः उभा राहिलो. नवा निकाल काय म्हणतो, ते माझ्या सहकारी सांगतील. आमच्या ऑफिसात तो त्यांनी पहिल्यांदा वाचला. खरं तर, त्यांनीच वाचला."

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या खुर्चीत बसल्यापासून त्यांनी वकिलांना पुष्कळ गोष्टी करताना पाहिलं असेल. पान मागे घेताना बहुधा क्वचितच.

मधाळांचं हसू जागच्या जागी सुकलं. दोन आठवडे त्यांनी जो बॉम्ब काखेत सांभाळला होता, तो समोरच्यानंच शांतपणे टेबलावर आणून ठेवला होता.

धाकटी उभी राहिली. पहिली दोन वाक्यं फार हळू बोलली. तिसऱ्यापासून तिला कुणाची गरज उरली नाही. एकेचाळिसावा परिच्छेद. मग एकशे बारावं पान. "हे पान आमचं नाही, महोदया. प्रतिवादींनी दिलेलं आहे. सही त्यांची, तारीख त्यांची आणि 'नव्या मुदतीच्या अटीप्रमाणे' हे शब्दही त्यांचेच."

"ती नेहमीची दुरुस्ती होती," मधाळ उठले.

धाकटीनं मागे पाहिलंच नाही. मागे भाऊसाहेब कसे बसले असतील, ते तिला पाठीला कळत होतं.

"तशी दुसरी एक चिठ्ठी दाखवावी. तीनशे चार पानांत नाही."

न्यायाधीशबाईंनी मधाळांकडे पाहिलं. मधाळांनी अशिलाकडे पाहिलं. जागामालकानं आपल्या कागदांच्या गठ्ठ्याकडे असं पाहिलं, जसं पाळलेल्या कुत्र्यानं चावल्यावर बघावं.

जेवणाच्या सुट्टीआधी निकाल तिथंच बसून सांगितला गेला. नोटिशीची माहिती मालकाला होती. करार दहा वर्षं वाढला. नव्या निकालाचा एकेचाळिसावा परिच्छेद या कोर्टात पहिल्यांदाच लागू होत आहे, असं लिहून घेताना न्यायाधीशबाईंनी धाकटीचं नाव विचारलं आणि नोंदवलं.

बाहेर मधाळ वकील तिच्यापाशी आले. आता त्यांच्या बोलण्यात साखर नव्हती आणि त्यामुळे ते पहिल्यांदाच बरे वाटले.

"तो एकेचाळिसावा," ते म्हणाले. "खरं सांगू? मी अडतिसाव्यापर्यंत वाचला आणि थांबलो. तिथंच माझं काम झालं होतं."

"वाचत चला हो," भाऊसाहेब मागून म्हणाले, वडीलधाऱ्या सुरात. "कायदा कुणासाठी थांबत नाही."

धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी अतिशय गंभीर चेहऱ्यानं दुसरीकडे पाहिलं.

लाँड्रीवाल्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. "म्हणजे नक्की काय झालं?" त्यांनी धाकटीला विचारलं. "आत सगळे परिच्छेद-परिच्छेद करत होते."

"दहा वर्षं, बाई. जागा तुमचीच."

बाईंनी फोन काढला. नंबर दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. "ऐक," त्या म्हणाल्या, "लाव सगळी. हो, आत्ता. कशाला थांबतोस?"

फोनमधून आधी आरडाओरडा आला, मग कुणीतरी काहीतरी पाडलं, मग घरघर सुरू झाली. बाईंनी फोन कानापासून थोडा दूर धरला, म्हणून आवाज सगळ्यांना ऐकू येत होता, आणि त्या बोटांवर मोजू लागल्या. एक. दोन. तीन, चार. पाच.

सहाव्याला त्यांच्या कपाळावर आठी पडली. "सहावं कुणी लावलं रे? ते बिघडलंय!"

त्यांनी ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"चालतंय?" त्या म्हणाल्या. "मग राहू दे चालू."